माणिकरावांची इजाजत

जिंतूरच्या बसस्थानकावर ज्यांनी कधी काळी गाडीची वाट पाहिली असेल त्यांना माणिकरावांचा चेहरा आठवणार नाही, आवाज आठवेल. कंट्रोलरच्या जाळीच्या खिडकीमागे बसून ते गाड्या पुकारायचे. 'वालूरला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागलेली आहे.' मग एक दमाचं अंतर, आणि तेच वाक्य पुन्हा, त्याच चालीत. दोनदा पुकारायचा नियमच असतो. पण माणिकरावांच्या अंगात तो इतका मुरला होता की निवृत्तीनंतरही ते महत्त्वाचं काही बोलायचं झालं की दोनदा बोलायचे, आणि समोरच्यालाही दोनदा बोलायला लावायचे.

त्यांना जाऊन आता वर्ष होत आलं. त्यांच्यावर लिहा असं त्यांची मुलगी संगीता मला म्हणाली होती. मी लिहिलं आणि माणिकरावांच्याच पद्धतीने तिच्यासमोर बसून वाचून दाखवलं. तिने दोन वाक्यं काढायला लावली. 'बाबा जेवताना लय बोलायचे, ते लिहिलंच न्हाई तुमी,' असंही म्हणाली. तेही इथे लिहिलं. माझ्याविषयी यात जे आहे त्यातलं काही काढू का, असं मी विचारलं. तिने वर पाहिलं नाही. 'ते राहू द्या,' म्हणाली.

मी परभणीत एक वेब पोर्टल चालवतो. झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली, दोन कॉम्प्युटर, मी आणि आणखी दोघं. जिल्ह्याच्या बातम्या, बाजारभाव, धरणातलं पाणी, कुठे रस्ता खचला, कुठे लाइट गेली. माणिकराव पहिल्यांदा आले ते निवृत्त झाल्यावर. नमस्कार करायच्या आधी त्यांनी आमच्या भिंतीवरचं घड्याळ आपल्या मनगटावरच्या घड्याळाशी जुळवून पाहिलं, ते चार मिनिटं मागे आहे असं जाहीर केलं, खुर्चीवर चढून नीट केलं, आणि मग खाली उतरून पिशवीतून फुलस्केप कागद काढले.

स्थानक झाडणाऱ्या चंद्रभागाबाई वारल्या होत्या. त्यांच्यावर चार पानं. गाडीत विसरलेल्या बेवारस छत्र्या ही बाई जपून ठेवायची आणि पाऊस लागला की अनोळखी उतारूंना द्यायची, 'परत आनून द्या' म्हणून. आणि लोक आणून द्यायचे. असं सगळं. एकही मोठा शब्द नाही. 'देवमाणूस' नाही, 'कष्टाळू' नाही. पुढे कधीतरी मी त्यांना याबद्दल विचारलं तेव्हा म्हणाले, 'देवमाणूस लिहिलं का माणूस दिसंनासा होतो.'

मी उभ्या उभ्या वाचलं आणि म्हणालो, 'काका, आजच टाकतो.'

'थांबा. घरच्यांना वाचून दाखवायचंय अजून.'

'अहो, टाकल्यावर वाचतील की मोबाइलवर.'

'टाकल्यावर न्हाई म्हणायची सोय राहत न्हाई, साहेब.'

ते कागद परत पिशवीत घालून निघून गेले. आठ दिवसांनी आले. मजकुरातली तीन वाक्यं खोडलेली होती, आणि समासात एक ओळ नवी होती: चंद्रभागाबाईला स्वतःला छत्री आवडत नसे, ती भिजत जायची. हे सुनेने सांगितलं होतं. त्या एका ओळीने सगळा मजकूर उठून बसला.

त्या सदराला आम्ही 'उतारू' असं नाव दिलं. जिल्ह्यातली साधी माणसं, ज्यांच्यावर कुणी दोन ओळी लिहीत नाही अशी. लाइनमन, सुईण, जिनिंगमधला हमाल, विहिरीतला गाळ काढणारा. माणूस गेला की तेरावं होऊन जाऊ द्यायचं, मग माणिकराव जायचे, ऐकायचे, लिहायचे, पुन्हा जायचे, वाचून दाखवायचे. शेवटी घरातल्या मोठ्या माणसाला विचारायचे, 'टाकू का?' तो 'टाका' म्हणाला की, 'दोनदा सांगा.' ह्याला ते इजाजत म्हणायचे. परवानगी हा शब्द त्यांच्या लेखी डेपोतला होता.

वालूरच्या एका वाचनाला त्यांनी मला बरोबर नेलं होतं. विहिरी खोदणारा माणूस गेला होता. ओसरीवर त्याचे दोन भाऊ, बायको, शेजारपाजारचे पाच-सात. माणिकराव बसस्थानकाच्या आवाजात वाचत होते. 'पैशाला ते घट्ट होते' हे वाक्य आलं आणि धाकटा भाऊ उसळला.

'हे कशाला? मेलेल्या माणसाला चिक्कू म्हणायलाव तुमी!'

थोरला म्हणाला, 'घट्ट म्हणलेत, चिक्कू कुठं म्हणले? आन् व्हताच की. तुझ्या लग्नात सव्वा रुपाया घातला त्यानं.'

'तू किती घातला व्हता सांग की मंग चारचौघांत!'

माणिकराव कागदावर बोट ठेवून थांबले होते. एवढा वेळ खांबाला टेकून बसलेली बायको म्हणाली, 'व्हते घट्ट. राहू द्या त्ये. खोटं कशाला? पर माझ्या भावाला कळू देऊ नका, त्यो आयुष्यभर हेच म्हणत आला.'

'तुमचे भाऊ कुठं असतात, बाई?'

'पुण्याला.'

परतीच्या गाडीत माणिकराव गंभीरपणे मला म्हणाले, 'ह्याला परभणी जिल्ह्याच्या बाहेर जाऊ द्यायचं न्हाई.'

मी म्हणालो, 'काका, इंटरनेट आहे ते. एसटी नाही.'

ते हसले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या घरी फोन करून त्यांनी सांगितलं की पुण्यात दिसणार नाही असं करता येत नाही, काय करू? बाई म्हणाली, मग तेवढं वाक्य काढा. काढलं. धाकटा भाऊ जिंकला.

अशा सगळ्या अटी ते एका जाड वहीत लिहून ठेवायचे. फोटो नको. थोरल्या मुलाचं नाव नको. पोरीचं लग्न होईपर्यंत ठेवा, मग काढा. शेतीच्या वादाचं कुणाला सांगू नका. वर्षश्राद्धाला पुन्हा वर आणा. एकेका घराचं एकेक पान. आम्ही त्या वहीला हसायचो. मीही हसायचो, हे आधी सांगून टाकतो.

दरम्यान 'उतारू' वाचलं जात होतं आणि चोरलंही जात होतं. शेजारच्या जिल्ह्यातल्या एका पोर्टलने चंद्रभागाबाईंचा मजकूर जशाच्या तसा उचलला, खाली भलत्याचं नाव घातलं. मला वाटलं माणिकराव नावासाठी चिडतील. त्यांना वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. त्या लोकांनी कुठल्यातरी भलत्याच म्हातारीचा फोटो लावला होता. 'ही कोण बाई हाय? हिच्या घरचे काय म्हणतील? जिवंत असंल तर ती काय म्हणंल?' दोन दिवस ते त्या अनोळखी म्हातारीच्या काळजीत होते. मी त्या पोर्टलला फोन केला तर पलीकडचा म्हणाला, 'अहो, प्रसिद्धीच झाली ना तुमची.'

आता चुडाव्याचं सांगतो. पण त्याआधी एक. यातली गयाबाई आणि उषा ही नावं खरी नाहीत. ते गाव चुडावा नाही, रेल्वे स्टेशन असलेलं दुसरं गाव आहे. गेलेला माणूस शिंपी नव्हता आणि पेटीत जे होतं ते झंपर नव्हते. हे बदल करायला मी फार उशिरा शिकलो.

चुडाव्याला एक शिंपी वारला. त्याची मुलगी उषा ठरलेलं लग्न मोडून बऱ्याच वर्षांपूर्वी घर सोडून गेली होती. बाप त्यानंतर तिचं नाव घेत नसे. बायकोने, गयाबाईने, घेतलं तर ताटावरून उठायचा. तो गेल्यावर गयाबाईने त्याची पेटी उघडली तर आत अकरा झंपर. दर दिवाळीला एक. मुलगी समोर नाही, माप नाही. अंदाजाने बेतलेले, दरवर्षी थोडे सैल.

माणिकरावांनी ते लिहिलं. गयाबाईने इजाजत दिली, एका अटीवर. 'उषीनं वाचलं पायजे. ती आली का मंग ठेवायचं का काढायचं ते तिला इचारा.'

तो मजकूर आमच्या पोर्टलवर सगळ्यात जास्त वाचला गेला. आणि उषा खरोखर आली. नाशिककडे कुठल्याशा दवाखान्यात ती नर्स होती, तिकडेच लग्न झालं होतं. कुणीतरी पाठवलेला तो मजकूर तिने ड्यूटीवर मोबाइलवर वाचला आणि तशीच गाडीत बसली. माणिकरावांनी मला सांगितलं, तिने अकराही झंपर घालून पाहिले. तीन बसले.

पण तिने हात जोडले. सासरी तिने सांगितलेलं होतं की आपले आईबाप लहानपणीच वारले, चुलत्याने वाढवलं. नवऱ्यालाही तेच माहीत. आता नावानिशी, गावानिशी हे असं सगळीकडे. 'काढा, काका. मी येत जाईन आईकडं. ट्रेनिंग असतं म्हणून सांगून येत जाईन. पण हे काढा.'

माणिकराव त्याच दिवशी दुपारच्या गाडीने परभणीला आले. घड्याळाकडेही पाहिलं नाही.

'चुडावा काढायचं.'

'काका, आपला सगळ्यात चांगला मजकूर आहे तो. नाव बदलू. गाव बदलू.'

'तिनं काढा म्हणलंय.'

मी कॉम्प्युटरवर बसलो. एक बटण दाबलं.

'काढलं?'

'काढलं.'

'दोनदा सांगा.'

'काढलं, काका. काढलं.'

ते पान वाचकांना दिसेनासं झालं, एवढं खरं. पण मजकूर आमच्या साठ्यात तसाच होता. कायमचा पुसायचं बटण त्याच्या शेजारीच असतं. मी ते दाबलं नाही. इतकं चांगलं लिहिलेलं पुसवेना, असं तेव्हा स्वतःला सांगितलं. पुढे कधीतरी उपयोगी पडेल, असंही मनात होतं. दोन्ही लिहून ठेवतो.

पुढची दीड-दोन वर्षं उषा येत राहिली. दोन महिन्यांतून एकदा, सकाळच्या गाडीने यायची, संध्याकाळच्या गाडीने परत. माणिकराव कधी चुडाव्याला गेले की सांगायचे, गयाबाई आता भाकरी दोन माणसांच्या थापायला लागली, उषा नसली तरी. सवय झाली.

मग एका कंपनीचा मेल आला. कथा, माणसं, आठवणी आवाजात ऐकवणारं एक ॲप त्यांनी काढलं होतं आणि त्यांना 'उतारू'चा सगळा साठा हवा होता. विकत नाही, लायसनवर. त्या सुमारास आमच्या जाहिराती आटल्या होत्या. लोक बातम्या व्हॉट्सॲपवरच वाचायचे, आमच्या पानापर्यंत यायचेच नाहीत. पोर्टल बंद करायचं मी मनातल्या मनात ठरवून टाकलं होतं, माझ्या सोबतच्या दोघांना सांगायचं तेवढं राहिलं होतं. त्यामुळे तो मेल मी चार वेळा वाचला.

माणिकरावांना समजावून सांगितलं. मजकूर आपलाच राहतो. त्यांना फक्त वापरायला द्यायचा, ठरावीक काळापुरता. ते त्याचे पैसे देतात, लिहिणाऱ्याचं नाव घेतात. आपण एकदा केलेलं काम पुन्हा पुन्हा कामाला येतं. आपले वाचक कमी झालेत ना, मग जिथे ऐकणारे आहेत तिथे आपली माणसं जातील. आणि उद्या कुणी चोरलं तर विचारायला आपल्यामागे कुणीतरी मोठं असेल.

त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, 'म्हणजे पास.'

'पास?'

'गाडी एसटीची. पासवाला रोज बसतो, म्हणून गाडी त्याची होत न्हाई. चांगलं हाय की, रिकामी पळायली त्यापेक्षा.' मग थोडं थांबून, 'पण साहेब, पासावर कुठून कुठवर ते लिहिलेलं असतंय. आन् कधीपर्यंत. कोरा पास कुणी कुणाला देत न्हाई.'

'करारात असतं ते सगळं.'

'मंग मी सोमवारी वही घेऊन येतो. दोघं मिळून बसू.'

मला ठाऊक होतं काय होणार ते. माणिकराव वही उघडणार, आणि मग एकेका घरी जाणार. आवाजात चालेल का, दुसऱ्याच्या आवाजात चालेल का, पुण्या-मुंबईला चालेल का. चाळीसच्या वर घरं. सहा महिने गेले असते. कंपनी तेवढी थांबली नसती, असं मी तेव्हा म्हणत होतो. कंपनीने तसं कुठेही म्हटलं नव्हतं. कराराच्या शेवटच्या पानावर स्पष्ट लिहिलेलं होतं: वगळायचा मजकूर असल्यास परिशिष्ट 'ब' मध्ये यादी द्यावी.

शनिवारी दुपारी मी त्या रकान्यात 'निरंक' टाइप केलं आणि सही केली. सरकारी कागदांवर हा शब्द लिहून लिहून माणसाच्या बोटांना वळण पडलेलं असतं. यादी करायची नसली की निरंक. करारासोबत साठ्याची एक मोठी फाइल गेली. तीत दिसणारं, न दिसणारं, सगळं होतं. चुडावाही होतं. ते त्या क्षणी माझ्या लक्षात नव्हतं, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आलो. खरं सांगायचं तर चुडाव्याची आठवण झाली होती. फाइल पाठवण्याआधी शोधून पाहू, असं मनात आलं होतं. चहा आला, आणि मी फाइल पाठवली.

सोमवारी माणिकराव वही घेऊन आले.

मी म्हणालो, 'ते मी बघितलंय, काका. झालं.'

त्यांनी वही पिशवीत ठेवली. तेव्हा मात्र दोनदा बोलायला लावलं नाही.

पहिले तीन महिने फार चांगले गेले, हेही लिहायला हवं. आमची खोली टिकली. सोबतचे दोघं टिकले. चंद्रभागाबाईंचा मजकूर आवाजात आला तेव्हा शेवटी 'लेखन, माणिकराव, जिंतूर' असं ऐकू आलं, आणि ते ऐकून हा माणूस उगाच खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. त्या चोरणाऱ्या पोर्टलला कंपनीने एकच पत्र पाठवलं आणि त्यांनी त्या भलत्या म्हातारीच्या फोटोसकट सगळं मुकाट काढलं. वालूरच्या विहीरवाल्याचा थोरला भाऊ ट्रॅक्टरवर बसून आपल्या भावाची गोष्ट मोठ्याने लावायचा, तास घालता घालता. जे आम्ही हातावर हात धरून गमावणार होतो ते दूरवर पोचलं होतं. मी खोटं बोललो नव्हतो. लायसन ही चांगलीच गोष्ट होती.

मग एका सकाळी माणिकराव आले आणि दारातच उभे राहिले. 'चुडावा लागलंय,' म्हणाले.

मला कळलं. तरी मी विचारलं, 'कुठे?'

'उषाच्या सासूनं ऐकलं. स्वैपाक करता करता. लय चांगली गोष्ट हाय म्हणून सुनंला हाक मारून बोलावलं, ये, ऐक म्हणून. नाव उषा, गाव चुडावा, बाप शिंपी, नर्स झालेली पोरगी. पोरीच्या तोंडाकडं पाहिल्यावर तिला कळलंच की.' ते थांबले. 'परवा गयाबाईला उषाचा फोन आला. आता फोन करू नको म्हणली. कालपासून नंबर लागत न्हाई.'

मी कॉम्प्युटरकडे वळलो. काहीतरी शोधत असल्यासारखं केलं.

'तुमी तर काढलं होतं.'

'काढलं होतं, काका.'

'मंग?'

'कंपनीची चूक आहे,' मी म्हणालो.

एवढंच. तीन शब्द. त्यांनी मान हलवली. माझ्यावर विश्वास ठेवायला त्यांना एक क्षणही लागला नाही. ते जिना उतरून गेले आणि पहिल्या गाडीने चुडाव्याला जाऊन त्यांनी गयाबाईला तेच सांगितलं. आमच्या साहेबांनी काढलं होतं, कंपनीची चूक झाली. तिने विचारलं म्हणे, कंपनीला माझी उषी काय म्हाईत?

कंपनीने तो मजकूर दोन दिवसांत उतरवला, मी मागितल्याबरोबर. पण तेवढ्याने उषाचा नंबर काही पुन्हा लागला नाही.

त्यानंतर माणिकरावांनी जे केलं ते मला सांगून केलं नाही. वही घेऊन ते पहिल्या घरापासून निघाले. जिंतूर, वालूर, पूर्णा, गंगाखेडकडची खेडी. एका डोळ्याला मोतीबिंदू. दारात उभं राहून ते सांगायचे, तुमच्या माणसाचं लिहिलेलं आता आवाजात जातंय, लांब जातंय, तुमाला विचारायचं राहून गेलं, आता विचारायला आलोय. बहुतेकांनी आनंदाने हो म्हटलं. काहींनी तर मोठ्याने लावा म्हटलं. पाच-सहा घरांनी नको म्हटलं. तिघांनी अटी घातल्या. एका घरी शिव्या खाल्ल्या. संगीता सांगते, त्या चार महिन्यांत ते घरी जेवताना बोलायचे बंद झाले होते. 'आमाला वाटलं दाताचं काही दुखायलंय.'

उन्हाळ्याच्या तोंडाशी ते यादी घेऊन आले. सुवाच्य अक्षरात तीन पानं. कुणाचं चालेल, कुणाचं नाही, कुणाचं कशा अटीवर. मला लाज वाटली आणि थोडा आधारही वाटला. आता तरी करार दुरुस्त करून घेऊ म्हणून मी कंपनीला फोन लावला. माणिकरावांना ऐकू यावं म्हणून स्पीकरवर. तिकडे एक तरुण बाई होत्या, अतिशय नम्र.

मी यादीचं सांगितलं. त्या म्हणाल्या, 'काहीच अडचण नाही सर. उलट आम्हाला अशी यादी असली की बरं पडतं, नंतर तक्रारी येत नाहीत. परिशिष्ट ब मध्ये टाकून नवीन प्रत पाठवते. मागच्या वेळी पण आम्ही त्यासाठीच जागा ठेवली होती. तुम्ही तिथे निरंक लिहिलं होतं ना, म्हणून सगळंच घेतलं आम्ही.'

मी टेबलाकडे पाहिलं.

'हॅलो? सर, आवाज येतोय ना?'

'येतोय,' मी म्हणालो.

'मग यादी सांगता का, मी इकडे लिहून घेते.'

माणिकराव समोर बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं असेल, नसेल. मी टेबलाकडे पाहत होतो. कागद सरकल्याचा आवाज आला आणि मग ते वाचू लागले. नाव, गाव, अट. एकेक ओळ दोनदा. त्याच आवाजात, एका दमाचं अंतर ठेवून. तिकडच्या बाई मध्येच म्हणाल्या, 'काका किती छान वाचतात! यांच्याच आवाजात एखादं करू या का आपण?' माणिकराव थांबले, म्हणाले, 'पुढं घ्या,' आणि पुढचं नाव वाचलं. तिसऱ्या पानाच्या शेवटी चुडावा होतं. 'कधीच न्हाई,' असं त्यांनी वाचलं. 'कधीच न्हाई.'

फोन ठेवला. मी म्हणालो, 'काका, मी तुम्हाला सांगणार होतो.'

त्यांनी तीन पानांची घडी घातली. 'गयाबाईला मी कंपनीचं नाव सांगितलंय,' म्हणाले. 'आता पुन्हा जावं लागंल.'

शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं लोक म्हणतात. मला तसं वाटलं नाही. मला शिवीची भीतीच वाटत होती, आणि ती टळली म्हणून त्या क्षणी आत कुठेतरी हायसंही वाटलं. इतका मी तेव्हा हलका होतो.

त्यांच्या मागोमाग मी स्टेशनवर गेलो. वाटेत त्यांनी मला परतवलं नाही. तिकीट त्यांनी काढलं, एकच. नांदेडकडची गाडी लागायची होती. फलाटावर ऊन होतं, एक बाई टोपलीत खरबुजं घेऊन बसली होती. मी म्हणालो, 'मी येतो ना बरोबर. मीच सांगतो तिला.'

'तुमी काय सांगणार?'

'जे झालं ते.'

'तिनं तुमाला पाहिलंय का कधी?'

'नाही.'

'तिच्या घरात जबान माझी हाय, साहेब. तुमी आलात तर ती तुमाला चहा करील. पाहुणा आला म्हणून. तेवढा तरास नको तिला.'

आज वाटतं की तरीही चढायला हवं होतं. तिकीट नसताना चढायला हवं होतं. त्यांनी नको म्हटलं आणि मी किती पटकन ऐकलं! त्यानंतर गाडी रोज गेली असेल, आणि चुडाव्याला, किंवा ज्या गावाला मी चुडावा म्हणतो तिथे, मी आजवर गेलेलो नाही. माणिकराव त्याच पावसाळ्यात वारले. आमच्या खोलीवर ते पुन्हा आले नाहीत, मधल्या काळात फोनवर कामापुरतं बोलले. गयाबाईला त्यांनी काय सांगितलं ते मी विचारलं नाही. संगीताला माहीत नाही.

गाडी आली. त्यांना खिडकीची जागा मिळाली. समोरच्या बाकावरच्या माणसाने काहीतरी विचारलं, त्याला त्यांनी मान हलवून उत्तर दिलं आणि मग मांडीवर पिशवी घेऊन ते समोर पाहत बसले. मी खिडकीपाशी गेलो नाही, दहा पावलांवर उभा राहिलो. गाडी सुटायला वेळ होता. तेवढ्यात त्यांचे ओठ हलू लागले. आवाज नव्हता. ते मनाशी काहीतरी म्हणत होते, मग एका दमाचं अंतर, आणि पुन्हा तेच. गयाबाईच्या दारात उभं राहून काय बोलायचं त्याची ते तयारी करत होते. त्या वाक्यात कंपनीच्या जागी आता माझं नाव होतं, एवढं मला दिसत होतं. नावाशी आले की ते अडखळत होते, थांबत होते, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होते. गाडी हलली तेव्हाही ते त्या नावापर्यंतच आले होते.